तिसरी पाळी दिवसा वर आली तेव्हा

अन्याय झाला तो सेतुरावांवर. गेल्या वर्षी, ऐप्पसी महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. चेन्नईत, अण्णा नगरमधल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत, ते पलंगावर टक्क जागे असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत. ज्यांनी मला पत्रक लिहायला शिकवलं ते सांगायचे, कोणावर, कधी, कुठे हे सगळं पहिल्या तीन ओळींत आलं पाहिजे, कारण वाचणारा कारखान्याच्या फाटकाशी उभा असतो आणि त्याची बस सुटत असते. चौथ्या ओळीत, कोणी केला. तिथे आडपडदा नको, 'काही प्रवृत्ती' वगैरे गुळगुळीत शब्द नकोत. तर चौथी ओळ अशी: तो मी केला.

आज पुन्हा ऐप्पसी लागलाय. हा तमिळ महिना आपल्या आश्विन-कार्तिकाच्या मध्ये कुठेतरी येतो. आमच्या बार्शीला दसरा झाला की छत्र्या माळ्यावर जातात. इथे तेव्हा त्या खाली उतरतात. आपण ज्याला परतीचा पाऊस म्हणून निरोप देतो, तो परतून इथेच येतो आणि मग हलायचं नाव घेत नाही. सकाळी दुधाच्या दोन पिशव्या जास्त घ्यायच्या. काडेपेटी तांदळाच्या डब्यात ठेवायची. पंख्याखाली वाळत घातलेल्या कपड्यांना तिसऱ्या दिवशी ओल्या कुत्र्यासारखा वास यायला लागतो. खालच्या रस्त्यावर पाणी साठलं की रिक्षाचा आवाज बदलतो, तो बोटीसारखा येतो, आणि मग रिक्षाच येईनाशा होतात. उरतात ते बेडूक, पाण्याचा उपसा करणाऱ्या मोटारी आणि शाळांना सुट्टी जाहीर झाल्यावर वरच्या मजल्यावर सुरू होणारी धावपळ.

हे आवाज मला एवढे पाठ आहेत, कारण गेल्या वर्षीचा सगळा पाऊस मी घरात बसून ऐकला. घरात बसवली होती मला. ओरगडमच्या बाजूला एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात होते. नाव लिहीत नाही, आज भांडण त्यांच्याशी नाही. तिसऱ्या पाळीची बस पाऊस पडला की लोकांना वळणावरच सोडून जायची आणि माणसं मांडीभर पाण्यातून अंधारात चालत यायची. मी अर्ध्या पानाचं पत्रक छापून फाटकाशी वाटलं. चौथ्या दिवशी पत्र आलं: चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर येऊ नये, शहर सोडून जाऊ नये. म्हणजे कारखान्यात जायचं नाही आणि बार्शीलाही जायचं नाही. राहिली ती मागची खोली, जिच्या खिडकीतून शेजारच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसते, दुसरं काही नाही.

खोली अंबुजामामींची. त्या आणि त्यांचे यजमान सेतुराव, म्हणजे सेतुमामा, तंजावरकडचे मराठी. कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेली माणसं. घरात मराठी बोलतात, पण ती आपली नव्हे. 'इकडे'ला 'हिंगं' म्हणतात, 'आहे'ला 'अहे', आणि मध्ये मध्ये तमिळ अशी सहज येते, जशी आमटीत चिंच. मामींना पेइंग गेस्ट हवी होती ती मराठीच. पहिल्याच दिवशी मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "हिंगं ये गे. तू बोल जरा. आमच्या यजमानांना ऐकू दे."

यजमान ऐकत होते. बोलत फारसे नव्हते. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, जीभ जड झालेली. एक शब्द यायचा, मग मोठी विश्रांती, मग दुसरा. विश्रांती इतकी मोठी, की समोरच्याला वाटावं, झालं यांचं. त्याआधी उभं आयुष्य अंबत्तूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला काढलेलं. केसाएवढा फरक नुसत्या नजरेने पकडायचे, असं मामी सांगायच्या. आणि त्या डोळ्यांना आता बघायला काय, तर चार फुटांची फिशटँक. पलंग तिच्यासमोर लावलेला. मान ना डावीकडे वळायची, ना उजवीकडे. म्हणजे समोर. सकाळी दिवा लागल्यापासून तो बंद होईपर्यंत ते त्या काचेत बघत असायचे. तेवढंच त्यांचं बाहेर जाणं.

माशांना त्यांनी नावं ठेवली नव्हती, पाळ्या लावल्या होत्या. दोन मोठे एंजल सकाळीच काचेशी येऊन उभे राहायचे, ते 'पहिली पाळी'. तळाशी मिशा घासत फिरणारे पाच कोरी मासे दुपारनंतर कामाला लागायचे, ती 'दुसरी पाळी'. आणि वाळूत राहणाऱ्या त्या बारीक, टोकदार शंखांच्या गोगलगायी, ज्या दिवा बंद झाल्यावरच बाहेर यायच्या आणि उजाडायच्या आत पुन्हा वाळूत गडप व्हायच्या, ती 'तिसरी पाळी'. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी खूप हसले होते. हसण्याच्या नादात ते पुढे अजून काही सांगत होते, ते राहूनच गेलं.

नवरात्रात त्या गोगलगायी असतील पाच-पंचवीस. दिवाळीपर्यंत काच दिसेनाशी झाली.

अतिशयोक्ती करत नाही. क्वालिटीवाली आहे मी. आधी काचेच्या खालच्या कडेला तपकिरी शिवण घातल्यासारखी एक ओळ दिसली. मग ती शिवण वर सरकली. मग फिल्टरच्या नळीवर, झाडांच्या पानांवर, एकमेकींच्या पाठीवर. दिवसाढवळ्या. भर दुपारी दिव्याच्या उजेडात त्या वर चढत होत्या, पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन दाटी करत होत्या, आणि त्यांच्या मागे एंजल मासे कुठेतरी असायचे, पडद्याआड बसलेल्या माणसांसारखे. मामा बघायचे तेच, पण दिसायचे शंख. मामी रोज ओल्या फडक्याने काच बाहेरून पुसायच्या.

"मामी, आतून आहेत त्या."

"माहीत अहे गे मला. पण काहीतरी करावं का नको?"

"काढून टाकूया ना. मारूया."

"अय्यो! पावम." पावम म्हणजे बिचारं. "मुके जीव अहेत. या घरात डास सोडून कुणाला मारलं नाही आजवर. आणि डासांचंही मी देवाला सांगते."

आता मला सांगा, जिला काम नाही, जिला शहर सोडता येत नाही, जिच्या विरुद्धची चौकशी कुठल्या तरी बंद खोलीत चालू आहे आणि खोलीच्या दाराशी जायलाही परवानगी नाही, अशा बाईसमोर जर रोज एक चार फुटांची अन्यायाची पेटी ठेवली, तर ती काय करेल? मी आरोपी शोधायला लागले. पहिला संशय झाडं विकणाऱ्यावर: पानाला अंडी चिकटवून दिली असणार. दुसरा, बिल्डिंगच्या टाकीतल्या पाण्यावर. तिसरा थेट गोगलगायींवर. माजल्यात. आयतं खातात. दुसऱ्याच्या घरात शिरून एका असहाय माणसाचा उजेड अडवतात. मी अक्षरशः अशा वाक्यांत विचार करत होते. मनातल्या मनात पत्रक तयार होतं, फक्त वाटायला फाटक नव्हतं.

कोळत्तूरला माशांच्या दुकानांची एक अख्खी रांग आहे. एका उघडिपीला तिकडे गेले. पिशव्यांमध्ये फुगवलेलं पाणी, त्यात रंग, ओल्या पोत्यांचा वास. दुकानदार अण्णाने माझ्या फोनवरचा फोटो बघितला आणि म्हणाला, "एवढी नत्तै? खायला काय घालता हो, बिर्याणी?" नत्तै म्हणजे गोगलगाय.

"आम्ही चिमूटभरच घालतो," मी चिडून म्हटलं.

"मग त्यांना कुणीतरी दुसरं जेवायला घालतंय. फुकट कुणी एवढं वाढत नाही, मा." त्याने गोगलगायी मारायचं, तांबं असलेलं निळं औषध काढलं, पण बाटली हातातून सोडेना. "आधी हाताने काढा. जेवढ्या निघतील तेवढ्या. मग अर्धं टोपण. एकदम सगळ्या मेल्या तर आतच सडतील. आणि तळाला फिरणारे मासे आहेत ना? त्यांना हे सोसत नाही. त्यांना आधी दुसरीकडे ठेवा."

ऐकलं मी. ऐकलं म्हणजे कानावर पडलं. बाटली पर्समध्ये गेली तेव्हा माझं उरलेलं लक्ष पुन्हा सुरू झालेल्या पावसाकडे होतं आणि मनात एकच गोष्ट होती: मामांची काच उद्या साफ.

आणि आला तो सोमवार. मामी देवळात गेल्या होत्या. मी घड्याळाखाली स्टुलावर उभी राहून टाकीचं झाकण उघडलं. मामांचा डावा हात चादरीवरून उठला.

"ति... सरी..." ते म्हणाले. "तिसरी... पाळी..."

"हो मामा, तीच. बघा आता."

"दिव... सा..." विश्रांती. "दिवसा... वर..."

"हो ना! दिवसा पण वर यायला लागल्यात, एवढा माज चढलाय. काळजी करू नका. आज सगळ्यांचा निकाल लावते."

हात अजून वर होता. मी बूच उघडलं. अर्धं टोपण नाही, दोन टोपणं ओतली. निळी रेघ पाण्यात उतरली, पसरली, दिसेनाशी झाली. मी मागे वळून विजयाने बघितलं तर मामांनी हात खाली ठेवला होता. मला वाटलं, निश्चिंत झाले.

संध्याकाळपर्यंत गोगलगायी काचेवरून सुटायला लागल्या. एकेक करून, आवाज न करता, पिकलेल्या शेंगा गळाव्यात तशा. काच खरंच स्वच्छ झाली. मामी बघतच राहिल्या, मग देवासमोर जाऊन बसल्या. मंगळवारी सकाळी पाणी दुधाळ दिसलं. दुपारी वास आला. तो वास मी विसरणार नाही: कुजलेली कोबी, गंजलेला नळ आणि खाडी. वाळूत किती होत्या याची मला कल्पनाच नव्हती. काचेवर होती ती नुसती साय. खाली पातेलं भरलेलं होतं. सगळ्या आतच मेल्या, आतच सडल्या. दुसरी पाळी बुधवारी गेली, पाचही कोरी, वाळूवर आडवे. बाहेर धो धो पाऊस, रस्त्यावर गुडघाभर पाणी, दुकानं बंद, आणि त्यात धोका नको म्हणून एरियातली वीजही तोडलेली, म्हणजे हवेचा पंपही बंद. मी बादल्यांनी पाणी बदलत होते. हाताने पाणी ढवळत होते, हवा मिसळावी म्हणून. एक एंजल काचेशी तिरका होत गेला. मामांच्या समोर, अगदी समोर, पलंगापासून चार हातांवर.

त्यांना दुसरीकडे बघता येत नव्हतं. ही गोष्ट मला त्या क्षणापर्यंत नीट कळली नव्हती. मी दोन महिने त्या घरात होते, 'मी अडकलेय' असं दिवसातून दहा वेळा फोनवर सांगत होते, आणि चार हातांवर एक माणूस होता ज्याला मरणाऱ्या माशावरून मान वळवता येत नव्हती. त्यांनी डोळे मिटले. तेवढंच त्यांच्या हातात होतं. शुक्रवारपर्यंत उघडले नाहीत. मामी भरवायच्या तेव्हा तोंड उघडायचे, डोळे नाही.

शुक्रवारी मी त्यांच्या उशाशी स्टूल ओढून बसले. एक एंजल जगला होता. पाणी निवळलं होतं. मी म्हटलं, "मामा, चूक माझी आहे. त्या दिवशी तुम्ही काय सांगत होतात?"

आणि मग गप्प बसले. हे लिहायला सोपं आहे. मला एखाद्याच्या दोन शब्दांमध्ये गप्प बसता येत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. हात शिवशिवतात. पुढचा शब्द आपल्याला माहीतच आहे असं वाटतं आणि तो पुढे करावासा वाटतो, म्हातारा माणूस बसमध्ये चढताना आपण हात पुढे करतो तसा. आणि त्या हातासारखीच तीही आपल्याला मदत वाटते.

"तिसरी पाळी," मामा म्हणाले. खाली कुणाचीतरी मोटार सुरू झाली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली. "दिवसा वर आली... म्हणजे..." मामी स्वयंपाकघरात भांडी लावत होत्या, त्यांचं एक पातेलं लावून झालं, दुसरं झालं. "म्हणजे... खाली... हवा नाही."

मी स्टूल अजून जवळ ओढलं.

"त्या... तक्रार... करत होत्या."

वाचकहो, मी तिसऱ्या पाळीसाठी पत्रक काढलं म्हणून घरी बसलेली बाई. अंधारात काम करणारी माणसं उजेडात आली, तर समजा की ती जिथे राहतात तिथे जगणं अशक्य झालंय, हे वाक्य मी स्वतः छापलं होतं. आणि डोळ्यांसमोर, काचेवर, एकमेकींच्या पाठीवर चढून शेकडो जीव हेच सांगत होते, तर मी म्हटलं, माज चढलाय. कारखान्याचा मॅनेजर याहून वेगळं काय म्हणाला असता?

"खाली काय झालं होतं, मामा?"

यावेळी विश्रांती फार मोठी झाली. त्यांनी डोळे उघडून स्वयंपाकघराच्या दाराकडे जेवढी जाईल तेवढी नजर नेली. मग अगदी हळू: "भात."

ते सगळं ऐकायला अर्धा तास लागला, आणि मी ते इथे चार ओळींत सांगणार आहे. मामी कावळ्याला घातल्याशिवाय जेवत नाहीत. रोज पहिला भात, तूप घालून, गच्चीच्या कठड्यावर. कावळा येऊन शिवला, म्हणजे घरचे वर गेलेले जेवले, की मग खालच्यांनी जेवायचं. पाऊस सुरू झाला आणि गच्चीवर शेवाळ धरलं म्हणून बिल्डिंगच्या असोसिएशनने गच्चीला कुलूप लावलं. खिडक्यांना डासांची जाळी. पहिला घास कचऱ्यात टाकायचा नाही, तो कुणातरी जिवाच्या मुखात गेला पाहिजे. घरात जीव कुठे? टाकीत. मामी रोज सकाळी, मी मागच्या खोलीत असताना, झाकण उचलून मूठभर भात पाण्यात सोडायच्या, हात जोडायच्या आणि मग जेवायला बसायच्या. मासे दोन-चार शितं टोचायचे. बाकी वाळूत जायचा, तिथे आंबायचा, खालची हवा खायचा. तिसऱ्या पाळीला महिनाभर रोज मेजवानी. दुकानदार बरोबर बोलला होता.

"मग मामींना का नाही सांगितलं तुम्ही?"

"सांगितलं... तर..." त्यांचा डावा हात माझ्या मनगटावर आला. "ती... जेवणार नाही. तिला... नको सांगू. तू... काहीतरी... कर."

म्हणजे ते बघत होते. महिनाभर, रोज सकाळी, मूठभर भात पाण्यात पडताना ते बघत होते, आणि काच हळूहळू बंद होत गेली तरी बोलले नाहीत, कारण बोलले असते तर त्यांच्या बायकोने जेवण सोडलं असतं. आपला उजेड देऊन त्यांनी तिचं ताट राखलं. मला सांगायला हात उचलला तो एकदाच, दहा वाजून वीस मिनिटांनी.

आरोपीचं नाव न घेता काही करायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी त्या दिवशी असोसिएशनच्या सेक्रेटरींना मेसेज लिहायला घेतला. 'सामायिक जागेवरचा हक्क' होता त्यात, 'मनमानी' होतं, दोन ठिकाणी उद्गारचिन्ह. मामांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "काप." मी कापला. "अजून." शेवटी उरलं ते एवढंच: पाऊस नसेल तेव्हा सकाळी अर्धा तास गच्चीची किल्ली मिळेल का, कावळ्यांना घालायचं आहे, मी स्वतः मामींचा हात धरून नेईन. दहा मिनिटांत सेक्रेटरी स्वतः किल्ली घेऊन दारात. "माझी आईसुद्धा महिनाभर माझं डोकं खातेय," ते म्हणाले. माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्रक, ज्याला त्याच दिवशी यश आलं.

मग काम सुरू झालं. वाळूत वाचलेल्या गोगलगायी होत्याच. त्या एवढ्या सहज संपत नाहीत, आणि मामांना त्या संपवायच्याही नव्हत्या. "थोड्या... हव्यात. वाळू... नांगरतात." औषधाची बाटली बंदच. नळी वाळूत खुपसून तोंडाने ओढ द्यायची आणि खालचा आंबलेला गाळ बादलीत काढायचा, रोज टाकीचा एक कोपरा. कोणता, ते मामा नजरेने सांगायचे. माशाला खाणं चिमटीत, तेही एक दिवसाआड. कोबीचं पान उकळत्या पाण्यातून काढून, देठाला चमचा बांधून तळाशी सोडायचं. सकाळी त्यावर गोगलगायी चिकटलेल्या असायच्या, पानासकट उचलायच्या. एक घोट पाणी चुकून तोंडात गेलं त्या दिवशी मामा हसले. उजवा गाल हलत नव्हता, डाव्याने हसले. तो आवाज मी त्या घरात पहिल्यांदा ऐकला.

काढलेल्या गोगलगायींचं काय करायचं, यावरून मात्र युद्ध झालं. त्या गटारात टाकायच्या नाहीत, तळ्यात सोडायच्या नाहीत, बाहेर पसरतात. मी मगभर घेऊन मामींबरोबर गच्चीवर गेले. मामींनी कठड्यावर भात ठेवला, मी शेजारी मग उपडा केला.

"हे काय गे?"

"कावळे खातात ना मामी."

"अय्यय्यो! आमचे सासरे जन्मात कांदा शिवले नाहीत, आणि तू त्यांना नत्तै वाढतेस?"

कावळा आला. मान तिरकी करून त्याने भाताकडे बघितलं, गोगलगायींकडे बघितलं, आणि सरळ गोगलगायींवर तुटून पडला. कठड्यावर टकटक आपटून, शंख फोडून, एकामागून एक. मामी पदर तोंडाशी धरून बघत राहिल्या. मला वाटलं, आता त्या जेवणार नाहीत. शेवटी त्यांनी निर्णय दिला: "हा आमच्या घरचा नव्हे. शेजारच्यांचा कुणी." दुसरा कावळा येऊन भाताला शिवला तेव्हा त्या खाली उतरल्या. पुढे त्यांनीच नियम केला: भात पूर्वेच्या कठड्यावर, गोगलगायी पश्चिमेच्या.

मार्गळी महिना, म्हणजे आपला मार्गशीर्ष-पौष, लागला, थंडी म्हणावी एवढी हवा सुटली, पाणी पुन्हा काचेसारखं झालं. एकटा एंजल सकाळी येऊन उभा राहायला लागला. नवे कोरी आणायचे की नाही, हे ठरवायला मामांनी आठवडा घेतला आणि मी आठवडाभर पुन्हा विचारलं नाही.

माझ्या चौकशीचंही कधीतरी काहीतरी झालं. मी आता दुसऱ्या कारखान्यात काम करते, राहते मात्र मामींकडेच, पत्रकं अजून लिहिते, फाटकाशी अजून उभी असते. पण एक गोष्ट छळते. नांदेडकडची एक बाई, असेंब्ली लाइनवरची, मला त्या जुन्या पत्रकाच्या वेळी म्हणाली होती, "ताई, बसचं लिहा, पण त्याच्या आधी..." आणि मी म्हटलं होतं, "हो हो, सगळं लिहिते." ती गेली. त्या 'आधी'च्या पुढे काय होतं? मी तिच्या वतीने पानभर लिहिलं, घोषणा दिल्या, घरी बसले, आणि तिला नेमकं काय म्हणायचं होतं हे मला आजही माहीत नाही. बरोबर असण्याच्या घाईत माझ्याकडून अशी किती वाक्यं मोडली असतील.

हे सगळं लिहू का, म्हणून मामांना विचारलं. मामींना देवनागरी येत नाही, स्तोत्रंही त्या तमिळ लिपीतून वाचतात, तरी विचारलं. भाताचं लिहू का? त्यांनी बराच वेळ घेतला. "लिही," म्हणाले. "आधी... तुझं... लिही. मग... तिचं." म्हणून या लेखाची सुरुवात अशी आहे.

आज सकाळी पुन्हा आभाळ भरून आलं. सेक्रेटरींनी गच्ची बंद केल्याचा मेसेज टाकला आणि त्याखालीच, किल्ली कुणाकडे मिळेल तेही लिहिलं. दहाच्या सुमारास बघते तर समोरच्या काचेवर, उजेडात, एक गोगलगाय. एकच. हळूहळू वर चढणारी. हात झाकणाकडे गेला होता. तो मागे घेतला, स्टूल ओढलं आणि मामांच्या उशाशी बसले.

"मामा, एक वर आलीय. काय करायचं?"

ते बघत होते. मीही बघत बसले. तिने काचेवरचा हिरवा ठिपका खाल्ला, वळली, दुसऱ्या ठिपक्याकडे निघाली. तेवढा वेळ गेला.

"एकच अहे..." ते म्हणाले. पुढचं बोलायला त्यांना पूर्ण एक सर लागली. "ती... तक्रार नव्हे. ती... फिरायला... निघालीय."

आता तुमच्याकडे मागणी. एकच आहे आणि ती विनंती नाही. तुमच्या घरात कुणीतरी आहे, ज्याचं वाक्य तुम्ही रोज पूर्ण करता. तो माणूस हळू बोलतो, किंवा अडखळतो, किंवा तुमच्याएवढं शिकलेला नाही, किंवा तुम्हाला वाटतं की त्याला काय म्हणायचंय ते तुम्हाला आधीच कळलंय. हा अंक खाली ठेवा. आत्ता. त्याच्याजवळ जाऊन बसा. विचारा, तू रोज काय बघतोस. आणि तो स्वतः थांबेपर्यंत तोंड उघडू नका.